सात वर्षांनंतर आलेली तलफ

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, सोडून मला सात वर्षे उलटून गेली, तरी गेल्या पौषातल्या एका रात्री हरभऱ्याला ओलीत करताना त्याची तलफ इतकी जोरात आली की हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशाकडे गेला. त्या खिशात आता फक्त मोबाइल असतो. तंबाखू सोडून बरीच वर्षे झालेले लोक अशा क्षणी घाबरतात, आपली सवय कधी सुटलीच नव्हती असे धरून चालतात आणि पुन्हा पुडी उघडतात. माझ्या ओळखीतले दोघे असेच परत गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन पानठेले आहेत. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला ती पन्नी फळीवर तळहाताने घोटतो. त्या घोटण्याचा खसखस आवाज आणि पन्नी उघडताच येणारा चुन्याचा ओला, तिखट वास मला आजही डोळे मिटून ओळखता येतो. मी एकोणिसाव्या वर्षापासून सतरा वर्षे खर्रा खाल्ला. कापसाच्या हंगामात दिवसाला सहा-सात पुड्या होत. पुढे साधी हिरवी मिरचीही तोंडात आगीसारखी लागू लागली. दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तेव्हा माझी दोनच गेली. गालाच्या आतली त्वचा सुपारीमुळे ताठर झाली होती आणि ती पूर्वीसारखी होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. २०१८ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाने मारबत, म्हणजे रोगराई आणि इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, शिवेबाहेर नेली, तेव्हा माझ्याजवळची शेवटची पुडी मी तिच्यासोबत टाकून आलो.

पहिला आठवडा फार वाईट गेला. झोप लागत नव्हती आणि लेकरांवर विनाकारण ओरडणे होत होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंग गम घेतले. ते साध्या गमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून गालात दाबून ठेवायचे असते, आणि ते तोंडात असताना चहा प्यायचा नसतो. मात्र त्या काळात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. तंबाखू नको म्हणून मी नुसती गोड सुपारी खात राहिलो आणि चार महिने स्वतःची समजूत घालत राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ज्या सुपारीने माझे तोंड आवळले, तीच मी औषध म्हणून खात होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

शरीरातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते आणि दोन-तीन दिवसांत जवळपास संपते. चिडचिड आणि बेचैनी बहुतेकांची तीन-चार आठवड्यांत ओसरते. मग दोन वर्षांनीही तलफ का यावी, हा प्रश्न मला छळत होता. तेव्हा १८००-११-२३५६ या सरकारच्या मोफत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या समुपदेशकांनी तलफ कधी येते, कुठे येते आणि सोबत कोण असते, हे वहीत लिहायला सांगितले. वही भरत गेली तसे उत्तर त्यातच दिसू लागले. घरी जेवणानंतर तलफ येणे केव्हाच थांबले होते. ती येत होती एसटीच्या फाट्यावर, कापसाच्या मोजणीच्या वेळी, कुणाच्या मयतीला अंगणात बसल्यावर आणि रात्रीच्या ओलितात. शरीराची मागणी संपली होती, पण त्या जागांशी आणि त्या वेळांशी मेंदूने सतरा वर्षे बांधलेली गाठ तशीच होती. जी जागा वर्षातून एकदाच येते, तिथली गाठ सैल व्हायलाही वर्षे लागतात, हे मला त्या वहीनेच शिकवले.

त्या रात्रीही तसेच झाले. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. बारा वाजता मोटार सुरू झाली. शेजारच्या धुऱ्यावरचे काकाजी शेकोटीपाशी येऊन बसले आणि त्यांनी खर्ऱ्याची पुडी उघडली. वास आला आणि तोंडाला पाणी सुटले.

"घे ना बापू, एवढ्या थंडीत एका चिमटीनं काय होते?" त्यांनी आपुलकीनेच विचारले.

पूर्वी अशा वेळी मी पोट बिघडल्याचे किंवा उपवास असल्याचे खोटे सांगत असे आणि पुढचा आग्रह ओढवून घेत असे. या वेळी खरे तेच सांगितले, "नाही जी काकाजी. आत्ता मले लय तलफ आली आहे, म्हणूनच नाही घेत."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग पुडी बांधून खिशात ठेवली. मी मोबाइलमध्ये वेळ पाहिली, भाजलेल्या जवसाची चिमूट तोंडात टाकली आणि तुषार संचाचे पाइप बदलायला उठलो. थंड पाइप उचलताना बोटे बधिर झाली होती. तिसरा पाइप जोडेपर्यंत तलफ वाढतच होती. त्या वेळी तिच्याशी भांडण्यापेक्षा ती चढते आहे एवढेच पाहत राहणे मला जास्त उपयोगी पडते. पाचव्या पाइपाला ती उतरली. परत आलो तेव्हा सहा मिनिटे झाली होती. काकाजींनी शेकोटीत पऱ्हाटी सारली आणि हरभऱ्यावरच्या अळीचा विषय काढला.

घरी येऊन मी वहीत जागा, वेळ आणि सहा मिनिटे एवढेच लिहिले. त्यानंतरची नोंद उन्हाळ्यातली आहे: एसटीचा फाटा, दुपारचे दोन, गाडीला उशीर, साडेतीन मिनिटे.