मोजून झाले ना?

साडेचार वर्षांचा बाब (गोव्यात लहान मुलाला असंच म्हणतात), सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आईबरोबर दोन बस बदलून फोंड्याला माझ्याकडे, मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडे, आलेला. पहिल्या भेटीतलं त्याचं वागणं मी फ्रँकलच्या मोजपट्टीवर ४ असं लिहिलं. ही मोजपट्टी १९६२ सालची. १ म्हणजे हातपाय झाडून नकार, ४ म्हणजे हसतखेळत होकार. मुलांच्या दंतवैद्यकात आजही तीच चालते. तीन आठवड्यांनी तोच बाब परत आला, स्वतःच खुर्चीवर चढला, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. रडला नाही, माझा हात झटकला नाही. फक्त तोंड उघडलं नाही. ते मिटलेले ओठ अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

त्याच्या आईचा पहिला फोन आला तेव्हा श्रावण चालू होता. खालच्या डाव्या दाढेत काळं दिसतंय, अजून दुखत नाही, एवढंच ती म्हणाली. न दुखता फोन येणं दुर्मीळ. पहिला दात आला की, निदान वर्षाचं व्हायच्या आत, मूल एकदा दाखवून न्यावं. प्रत्यक्षात मूल येतं ते गाल सुजल्यावर, घरच्यांनी रात्र जागून काढल्यावर. मग पहिल्याच भेटीत सुई आणि पहिल्याच भेटीत चौघांनी धरून ठेवणं. त्यातही ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असं आमच्याच व्यवसायातल्या कुणीतरी आधी सांगून पाठवलेलं असतं. दुधाची दुसरी दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात टिकायची असते. सहाव्या वर्षी तिच्या मागे पक्की दाढ येते, आणि पुढे जागा रिकामी मिळाली की ती पुढे सरकते. मग पुढच्या पक्क्या दातांना यायला जागा उरत नाही. या सहा-सात वर्षांचा हिशेब न करता मुलाला परत पाठवणाऱ्यांचा मला राग येतो.

तयारीचं मी फोनवरच सांगते. खुर्चीजवळ पोचल्यावर सांगून काही होत नाही.

वेळ सकाळची, झोप पुरी झालेली असताना. या बाबला साडेदहाची दिली. घरी दहाच्या सुमाराला पेज असते, ती त्या दिवशी साडेआठलाच द्यायला सांगितली. भरल्या पोटी जिभेच्या मागच्या भागाला आरसा लागला की उमासा येतो आणि उलटी होते, आणि उलटी झालेलं मूल ती खुर्ची विसरत नाही. पोट अगदी रिकामं असलं तर मूल किरकिरं होतं. दीड-दोन तासांचं अंतर बरं पडतं. नाक चोंदलेलं असेल तर यायचंच नाही. तोंड उघडं ठेवून नाकाने श्वास घेता आला नाही तर मूल घाबरतं, आणि आपण म्हणतो की हट्टी आहे. पावसात आपल्याकडे अर्धी पोरं शेंबडी असतात. या बाबची पहिली तारीख सर्दीमुळेच आठवडाभर पुढे गेली.

मुलाला सांगायचं ते आदल्या दिवशी. आठ दिवस आधी सांगितलं तर ते आठ दिवस त्यावर विचार करतं, आणि त्या आठ दिवसांत शेजारपाजारचे काय काय सांगून जातील त्याचा नेम नाही. काय सांगायचं ते तिला वाक्य म्हणून दिलं: ‘उद्या डॉक्टरांकडे जायचं, त्या आरशाने तुझे दात बघतील, मोजतील, मग आपण घरी.’ काही शब्द घरात बंद ठेवायचे: सुई, इंजेक्शन, मशीन, काढणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘दुखणार नाही’ हेसुद्धा बोलायचं नाही. मूल त्यातलं ‘दुख’ तेवढं उचलतं. ‘रडला नाहीस तर चॉकलेट’ हेही तसंच. तिथे रडण्यासारखं काहीतरी आहे, हे त्यातून त्याला कळतं. आणि ‘जेवला नाहीस तर डॉक्टर टोचतील’ ही धमकी ज्या घरात वर्षभर वापरली गेली आहे, तिथे एका दिवसाच्या तयारीने फारसं काही हाती लागत नाही. हे घरातली मोठी माणसं प्रेमानेच करतात, पण त्याची किंमत मूल मोजतं.

रंगीत तालीम घरीच होते. आईने खाली मांडी घालून बसायचं, मांडीवर उशी, उशीवर मुलाचं डोकं, पाय पुढे. म्हणजे आईचा चेहरा त्याला उलटा दिसतो, खुर्चीत मला पाहील तसाच. मोबाइलची बॅटरी हनुवटीकडून वर आणायची, डोळ्यांवर मारायची नाही. मग चहाचा स्टीलचा चमचा थंड पाण्यात बुडवून, पुसून, त्याच्या पाठीने दात एकेक करून मोजायचे, दहा वरचे आणि दहा खालचे. थंड धातू दाताला लागण्याची सवय इथेच होते. तोंड उघडं ठेवून वीसपर्यंत, मग मिटून थुंकी गिळायची, परत वीस. आणि एक खूण ठरवायची: डावा हात वर केला की आईने ताबडतोब थांबायचं. ताबडतोब. ‘झालं, झालं, एकच राहिला’ असं म्हणत पुढे जायचं नाही.

बरोबर एकच माणूस. मावशी, आजी, आतेभाऊ असा लवाजमा आला तर प्रत्येक जण धीर देतो, आणि एवढ्या माणसांचा धीर बघून मूल घाबरतं. ज्याला स्वतःला दातांच्या डॉक्टरची भीती वाटते त्याने घरी राहिलेलं बरं. त्याचे हात गार पडलेले मुलाला कळतात. येताना मुलाचा रोजचा ब्रश आणायचा. ब्रशचे केस कसे वाकले आहेत त्यावरून ब्रश कोण करतं ते समजतं. औषधांच्या बाटल्या आणायच्या, कारण गोड सिरप रात्री शेवटचं पाजलं जातं आणि नंतर चूळ भरली जात नाही. आणि मुलाचं अलीकडचं वजन, पुढे कधी औषधाचा डोस काढायची वेळ आली तर.

त्या आईने यातलं एकही सोडलं नाही. बाब आत आला तो माझ्यासमोर डावा हात उंच करून. खूण माहीत आहे, हे दाखवायला.

आमच्या बाजूची तयारीही सांगते, कारण आईने एवढं केल्यावर आम्ही ती मातीत घालू शकतो. खुर्ची आधीच आडवी करून ठेवायची. मूल बसल्यावर पाठ मागे जायला लागली की त्याला पडल्यासारखं वाटतं. आधी मास्कशिवाय चेहरा दाखवायचा, मास्क त्याच्यासमोर चढवायचा. आरसा मुठीत धरून कोमट करायचा. टोकदार हत्यार ट्रेमध्येसुद्धा ठेवायचं नाही. मी गोल टोकाची सळई वापरते, तेवढ्याने भागतं. दिवा छातीवरून हळूहळू तोंडापर्यंत. वाऱ्याची पिचकारी आधी त्याच्या नखावर, मग माझ्या गालावर, मग दातावर. सांगा, दाखवा, करा ही पद्धत अ‍ॅडलस्टनने १९५९ साली मांडली, आणि तिच्यातला क्रम मोडला की ती फसते. पुष्कळ ठिकाणी ‘करा’ आधी होतं आणि ‘सांगा’ रडं सुरू झाल्यावर.

बाबने वीस मोजले. वरचे दहा मी मोजले, खालचे त्याने बोटांवर. खालची डावी दुसरी दाढ मध्यभागी खचलेली, तळ मऊ, पिवळट तपकिरी. कडा शाबूत, हिरडी नितळ, सूज नाही, रात्री दुखून उठणं नाही. म्हणजे किडीचं काम चालू होतं, पण ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नव्हती. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषा. खाणं विचारलं: सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव गोड चहात, अकराला बिस्किट, चारला परत बिस्किट, झोपताना दूध साखर घालून. साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे जास्त नडतं. प्रत्येक खेपेनंतर वीस-तीस मिनिटं तोंडातलं आम्ल दाताचं कवच विरघळवत राहतं.

मोजणी संपली आणि त्याने विचारलं, “मोजून झाले ना?”

मी म्हटलं, “झाले.”

इथे आईने विचारलं, “डॉक्टर, आजच काही करता येईल का? गणेशचवथ तोंडावर आली. घरचं सगळं माझ्यावर आहे, रजा परत मिळायची नाही.” ती जे सांगत होती ते सगळं खरं होतं. सत्तरीतून येण्यात अख्खा दिवस जातो. चवथीच्या आधीचा रुग्ण चवथीनंतर येईलच असं नसतं, आणि नेवऱ्या-लाडवांच्या त्या दिवसांत अशी दाढ आणखी खोल जाते.

मी ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावायचं ठरवलं. सुई नाही, घासणं नाही. हे औषध कीड बहुतेक वेळा जागच्या जागी थांबवतं. कीड लागलेला भाग कायमचा काळा होतो, हे आईला फोटो दाखवून सांगितलं, तिची सही घेतली. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलीन, गालाशी कापसाची वळकटी, दात कोरडा, एक थेंब, बारीक ब्रशने दाढेच्या खळगीत मिनिटभर. या औषधाची चव लोखंडी, तुरट. मी बाबला म्हटलं, “दाढेला औषधाचा एक थेंब लावते.” सांगितलं. पण दाखवलं नाही, नखावर लावता येत नाही कारण डाग पडतो. आणि विचारलं तर नाहीच.

तो हलला नाही. डावा हात वर केला नाही. मिनिट संपल्यावर जीभ बाहेर काढून आईच्या ओढणीला पुसली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कागदावर ४ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. ओढणीवर तपकिरी डाग, बाबच्या हनुवटीवरही एक, तीळभर. वळकटी काढताना कुठेतरी लागलं असणार. ती चूक माझी. कातडीवरचा डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो, तो इजा नसतो. पण घरात कुणीतरी तो बघून म्हणालं होतं, डॉक्टरने पोराला भाजलं. चवथीला जमलेल्या सगळ्या पोरांनी तो डाग पाहिला.

म्हणून तीन आठवड्यांनी ते मिटलेले ओठ. मी आरसा पुढे केला तर तो एवढंच म्हणाला, “नाका.” मी मोजायचं म्हटलं. “मोजले तुवें,” तो म्हणाला. घरात कोंकणी-मराठी दोन्ही, पण नकार कोंकणीतच यायचा. त्या दिवशी कागदावर २ लिहिलं आणि पहिल्या ४ कडे बराच वेळ बघत बसले. मोजपट्टी त्या दिवसाचं वागणं मोजते. मूल गप्प आहे ते भरवशाने की संकोचाने, हे तिच्यात येत नाही. पहिल्या दिवशी तो आईच्या शब्दावर आला होता, आणि ‘मग घरी’ हा त्या शब्दातला निम्मा भाग मी पाळला नव्हता.

तिसऱ्या भेटीला आईला पटवणं जड गेलं. फक्त मोजायला? त्यासाठी रजा? तिची नाराजी मला मान्य होती. पैसे घेतले नाहीत, पण बसभाडं आणि दिवस तिचाच गेला. त्या दिवशी खरोखर फक्त मोजले. मी तिसऱ्या दातावर असताना त्याचा डावा हात वर गेला. मी थांबले, आरसा बाहेर. हात खाली आला, परत सुरू केलं. पाचव्याला परत हात. थांबले. काही दुखत नव्हतं, तो तपासत होता. असं सात वेळा झालं. विसाव्या दातानंतर मी हातमोजे काढून कचऱ्यात टाकले, त्याला दिसतील असे, आणि म्हटलं, “सोंपलें, घरा.”

मोजता मोजता दाढेवर सळई टेकवून पाहिली होती. तळ काळा, कडक, सळई काचेवरून जावी तशी सरकली. म्हणजे त्या थेंबाने काम केलं होतं. तो थेंब चवथीआधी लावला नसता तर ही दाढ आज अशी असती का, सांगता येत नाही. आणि तो बाबला न विचारता लावला नसता तर मधली खेप वाचली असती, हेही तितकंच खरं. या दोन्हींचं उत्तर एकाच वेळी मला काढता येत नाही. एवढं बदललं आहे की आता फोनवर आईला वाक्य देताना मी ‘मोजतील, मग घरी’ इथे थांबत नाही. ‘मोजतील, एखाद्या दाताला औषध हवं असेल तर तुला दाखवून, विचारून लावतील, मग घरी’ असं सांगते. वाक्य लांब झालं, काही मुलं ‘कसलं औषध?’ विचारतात, आणि आई अडखळते. पण आधीचं वाक्य मला आता कुणाला देववत नाही.

निघताना आईने दारात विचारलं, “मग पुढच्या वेळी काय सांगून आणू याला?”

पुढच्या वेळी त्या खळगीत ग्लास आयोनोमर, म्हणजे दातात भरायचं सिमेंट, भरायचं आहे, न घासता. मी तिला सांगितलं, “पांढरा चिखल दाढेत भरणार, बोटाने दाबून धरणार. तोंड उघडं ठेवायचं मिळून पाच मिनिटं, मध्ये हात वर केला तर तेवढ्यापुरतं थांबणार. आणि चव थोडी आंबट लागेल. चवीचं आधी सांगा.”

बाब ओढणी धरून उभा होता. त्याने विचारलं, “आंबट म्हणजे कोकमासारखं?”

“त्याहून कमी,” मी म्हटलं. “आणि दाढेत भरायच्या आधी तुझ्या नखावर लावून दाखवीन.”