दुखणं वर सरकलंय? अभिनंदन!

कंबर गेली तेव्हा मी जेवढी रडले नाही तेवढी ती बरी होता होता रडले, हे आधीच सांगून टाकते. कारण पहिल्यांदा दुखतं तेव्हा सगळे धावून येतात, आई डबा पाठवते, ऑफिसमधे बॉस स्वतःहून म्हणतो घे रजा, नवरा न सांगता भांडी घासतो. मग जरा बरं वाटायला लागतं, आपणही म्हणतो चला सुटलो, आणि एके दिवशी सकाळी दात घासताना परत कमरेत उसण भरते, आणि तेच सगळे लोक फक्त एकच शब्द म्हणतात, "परत?" त्या "परत?"मधे काय काय असतं ते ज्यांची पाठ धरलीये त्यांनाच कळेल.

तर झालं असं की मागच्या जुलैमधे पौड रोडला सिग्नलपाशी ॲक्टिव्हा उभी करताना, भुरभुर पाऊस होता, पाय सरकला आणि गाडी एका बाजूला कलली. शंभर किलोच्या वरचं धूड ते, पण हात सुटत नाहीत ना अशा वेळी, कंबरेतून वाकडी होऊन मी ते पेललं. गाडीला ओरखडासुद्धा नाही! मला मात्र दोन दिवसांनी उजव्या कुल्ह्यातून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत. एमआरआयमधे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, एल फाइव्ह एस वन, बाहेर येऊन नसेवर टेकलेली. करंगळी आणि पावलाची बाहेरची कड इतकी बधिर की घरातली स्लीपर पायातून निघून मागे राहिली तरी मला कळायचं नाही. आणि उजव्या एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली तर टाच जमिनीला चिकटल्यासारखी, मेंदू म्हणतोय उचल आणि पोटरी म्हणतेय कोण तुम्ही?

पुण्यात कंबर दुखणं ही सार्वजनिक बाब आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला पट्टा आणून दिला (त्यांचाच जुना, धुतलेला होता एवढं बरं), ऑफिसमधल्या एकीने सातारा रोडच्या पुढे कुठे तरी एक माणूस आहे तो एका झटक्यात डिस्क "बसवतो" असं छातीठोकपणे सांगितलं, आणि सासूबाईंचं म्हणणं एकच, पडून रहा. आता डिस्क ही काही ड्रॉवर नाही की ढकलला की आत जाईल. आतला गर बाहेर आलेला असतो, तो शरीर हळूहळू आपलं आपणच शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे पूर्ण सुटून बाहेर पडलेला तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो, कारण आपल्या पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. आणि पडून राहण्याबद्दल म्हणाल तर नेदरलँड्समधे 1999 साली सायटिकाच्या, म्हणजे नसेची कळ अशी पायात उतरते त्या पेशंटवरच अभ्यास झालाय, अर्ध्यांना दोन आठवडे बेडरेस्ट, अर्ध्यांना जमेल तसं हिंडाफिरा. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के लोक सुधारलेले. म्हणजे पडून राहिल्याने काडीचा फरक नाही, उलट इकडे पोटऱ्या वाळतात आणि घरच्यांशी भांडणं होतात ते वेगळंच.

पण मला सांगायचंय ते फिजिओचं. मुलगी माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते, आणि बोलायला एकदम कडक. तिने मला पालथं झोपवलं, मग कोपरांवर, मग हळूहळू तळहातांवर जोर देऊन छाती वर, कंबर ढिली. घरी हे करताना सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं हे तर भुजंगासन, याचे पैसे देतेस तू?" त्यांची मैत्रीण मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेत जायची, ती संस्था 1975 पासून आहे आणि तिथे जगभरातून लोक शिकायला येतात, त्यामुळे आपल्या गावचं सोडून हे काय, असा सूर. मी फिजिओला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली दिसायला तसंच आहे पण प्रत्येकाला चालेल असं नाही, काहींचं दुखणं मागे वाकून वाढतं. तिने मग मॅकेन्झी नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओची गोष्ट सांगितली. 1956 साली त्याने एका पेशंटला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं, टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या पेशंटसाठी वर केलेलं होतं ते तसंच राहिलेलं, हा गडी तसाच मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला, आणि मॅकेन्झी येऊन बघतो तर पायातलं दुखणं गायब! तिथून त्याने ती सगळी पद्धत उभी केली.

असो. तर हे चालू असताना ऑगस्टच्या शेवटी शेवटी माझी कंबर भयंकर दुखायला लागली. म्हणजे पायापेक्षा कंबर. आधी पोटरी जळायची, आता मधोमध माकडहाडाच्या वर कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं. मी रडवेली होऊन गेले की झालं, पहिले पाढे पंचावन्न, एवढे महिने फुकट. ती म्हणाली पाय कसा आहे. मी म्हटलं पायाचं सोड गं, कंबर मरतेय माझी. नाही ताई, पाय सांगा. मग मला कळलं की पोटरीत काही नाहीये. मांडीतही नाही, कुल्ह्यात थोडं. तर ही बाई टाळी वाजवून म्हणते "अभिनंदन!" मला तिला हाणावंसं वाटलं, खरंच. पण तिने समजावलं की नसेचं दुखणं पायातून वर वर सरकत कमरेत गोळा होतं तेव्हा कंबर थोडे दिवस जास्त दुखली तरी ते बरं होण्याचं लक्षण धरतात, आणि कंबर एकदम छान वाटतेय पण पोटरीत मुंग्या सुरू झाल्या तर ते वाईट. किती दुखतं हे नंतर बघा, कुठे दुखतं ते आधी सांगा.

हे कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझ्या निम्म्या रात्री वाचल्या असत्या. कारण तोवर मी दुखण्याला दहापैकी मार्क देत बसले होते आणि आकडा वाढला की हातपाय गळायचे.

दिवाळीत खरा दणका बसला. तोवर मी ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक करत होते, एक पाय छोट्या पाटावर ठेवून, त्याने कमरेवरचा ताण कमी होतो. चकलीची भाजणी चाळत होते, परातीवर जरा वाकून, आणि भाजणीचा धुरळा नाकात गेला. शिंक. बास. एका शिंकेत गुडघे वाकले, चाळणी परातीत, मी ओट्याला धरून अर्धवट लोंबकळतेय, आणि कळ सरळ पोटरीत. यावेळी वर नाही, खाली. म्हणजे खरी पीछेहाट. शिंक आली की पोटात दाब वाढतो, तोच मणक्यात डिस्कवर येतो, आणि त्यात वाकलेलं असलं की झालंच. आता शिंक येतेय वाटलं की मी ओट्यावर नाही तर भिंतीवर हात टेकते आणि छाती पुढे काढून ताठ होते, मग शिंकते. लिफ्टमधे, मेट्रोत, कुठेही. लोक बघतात, बघू देत.

त्या दिवाळीच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती दुसऱ्या एमआरआयची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं गरज नाही, पण मी रात्री एक वाजता पहिला रिपोर्ट काढून गुगल करत बसायचे. डिजनरेशन, डिफ्यूज बल्ज, डेसिकेशन, एकेक शब्द असा की वाटावं आता व्हीलचेअर. मग फिजिओनेच 2015 सालच्या एका मोठ्या आढाव्याबद्दल सांगितलं, ज्यांना अजिबात पाठदुखी नाही अशा तीन हजारांवर लोकांची स्कॅन्स त्यात तपासलेली. विशीतल्या 37 टक्के लोकांत डिस्क झिजलेली दिसते, ऐंशीच्या घरात 96 टक्के. फुगवटा विशीतही 30 टक्के लोकांत. आणि यातल्या कोणालाच दुखत नव्हतं! म्हणजे रिपोर्टमधलं बरंचसं हे पांढऱ्या केसांसारखं आहे, वय दाखवतं, आजार नाही. अर्थात माझी नस खरोखर दाबली गेली होती, ते नाकारत नाहीये मी, टाच उचलत नव्हती ते काही मनाचे खेळ नव्हते. पण रिपोर्टमधल्या सात ओळींतली माझ्या पायाशी संबंध असलेली ओळ एकच होती, बाकीच्या सहा ओळी मी उगाच उराशी धरून झोपत होते. झोपत कसली, नसांच्या गोळीने रात्रीऐवजी ऑफिसमधे झापड यायची.

दणका बसला की आता काय करते तर, पहिले दोन दिवस सगळं बंद करत नाही, निम्मं करते. खाली पार्किंगमधे थोडं थोडं चालणं, दिवसातून बऱ्याच वेळा, बसणं जवळपास शून्य, जेवणसुद्धा उभ्याने. पालथं झोपणं, शेकायची पिशवी. सकाळी उठल्या उठल्या तास-दोन तास वाकायचं नाही, कारण रात्रभर आडवं असल्याने डिस्क पाणी शोषून टम्म झालेली असते, म्हणून तर आपण सकाळी जरा उंच असतो. त्यामुळे बेसिनवर वाकून तोंड धुणं बंद, मग हाताने पाणी घेताना गाऊनची बाही कोपरापर्यंत भिजते, भिजू दे. आणि दोन दिवसांनी जिथे होते त्याच्या जरा खालच्या पायरीवरून परत सुरू, अगदी पहिल्या पायरीवरून नाही.

खरं तर वाईट दिवसांपेक्षा चांगला दिवस जास्त घातकी. वाईट दिवशी कोणी काही सांगतच नाही. चांगल्या दिवशी घरातली सगळी कामं जणू दबा धरून बसलेली असतात, माळ्यावरची बॅग, बेडखालचा कचरा, सिलेंडर सरकवणं, आणि वरून "आज बरी दिसतेस" असं कोणीतरी म्हणतंच. ते म्हटलं की संध्याकाळी पाठ बोलणारच समजा. म्हणून मी चांगल्या दिवशी मोबाइलवर टायमर लावते, वाईट दिवशी लावत नाही. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही.

ऑफिस कल्याणीनगरला. रिक्षाने गेले तर कर्वे रोडपासून पलीकडे एकेक स्पीडब्रेकर मणक्यात मोजता येतो, आणि रिक्षावाल्यांना "दादा हळू" म्हटलं की ते खड्ड्यापर्यंत हळू जातात आणि खड्ड्यात जोरात. वनाजवरून मेट्रोने उभ्याने जाते आता, धक्के नाहीत, आणि कोणी सीट दिली तर नको म्हणते, त्या लोकांना वाटतं मी भाव खातेय.

एक गोष्ट मात्र गंमतीत घ्यायची नाही. कंबरदुखी असताना लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीचा भाग, म्हणजे जिथे सायकलची सीट टेकते तेवढा भाग, बधिर झाला, नाहीतर पाऊल लुळं पडायला लागलं, तर व्यायाम नाही, शेक नाही, काकांचा पट्टा नाही, तडक हॉस्पिटल, रात्री दोन वाजले असले तरी. त्यात ऑपरेशनला उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. हे मला डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद अजून फ्रिजवर आहे.

सध्या? दूध तापत ठेवते तेव्हा उजव्या पायावर उभी राहून टाचा उचलते, दूध वर येईपर्यंत. सुरुवातीला दुधाच्या आधी पोटरी थकायची. करंगळी अजून अर्धवट झोपलेली आहे, ती यायची तेव्हा येईल, नसा सावकाश भरतात. होळीनंतर एकदा परत धरली होती, कारण काहीच नाही, नुसती वळले, पण चार दिवसांत सुटली आणि कुल्ह्याच्या खाली उतरलीच नाही. दिवाळीतली सुटायला महिना लागला होता.

आता गणपतीला गावी जायचंय, ताम्हिणीतून. दर तासाला गाडी थांबवून मी उतरून चालणार असं जाहीर केलंय. नवऱ्याचं म्हणणं, अशाने आपल्या आधी गणपती पोचेल, आणि प्रत्येक टपरीवर चहा प्यायला लागला तर ॲसिडिटीचा वेगळा डॉक्टर शोधावा लागेल. मी म्हटलं चहा तू पी, मी भोवती फेऱ्या मारते.