भाऊ, लिनक्स घरच्यांना जमेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत लिनक्सबद्दल जळगाव-धुळ्याकडून एकच प्रश्न येत राहतो: "भाऊ, लिनक्स टाकलं तर घरच्यांना जमेल का?" मी उलट विचारतो, प्रिंटर कोणता आहे? लोकांना वाटतं, मी टाळतोय. टाळत नाही, खरा प्रश्न तोच आहे.

घरच्यांना जमतंच. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. खाली डावीकडे मेनू, शेजारी ब्राउझर. सातबारा, यूट्यूब, वीजबिल, सगळं त्यातच होतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करण्याची भीती आता सोडा. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहेत. कृतिदेवातली जुनी फाइल इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. तो टाकला की अक्षरं परत येतात.

अडतं ते प्रिंटरपाशी. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० उदाहरणादाखल घ्या. पान कसं छापायचं ते हा प्रिंटर स्वतः ठरवत नाही. संगणक पूर्ण चित्र तयार करून कॅप्ट नावाच्या खासगी भाषेत त्याला पाठवतो. लिनक्सवर त्यासाठी कंपनीचा जुना ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) लागतो, ६४ बिट मशीनवर त्याला ३२ बिट लायब्ररी (प्रोग्रामच्या मदतीच्या फाइली) लागतात, आणि सीसीपीडी नावाची सेवा सतत चालू असावी लागते. ती सेवा प्रिंटरला यूएसबीच्या क्रमांकावरून ओळखते. केबल काढून दुसऱ्या खाचेत लावली, किंवा दुसरा प्रिंटर जोडला, की हा क्रमांक एलपी ० चा एलपी १ होऊ शकतो. मग काम रांगेत दिसतं, चूक कुठेच दिसत नाही, कागद हलत नाही. उपाय आहे: जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्ह या लिनक्सच्या यंत्रणेत नियम लिहून प्रिंटरला कायमचं नाव द्यायचं. पण हे काम सामान्य माणसाचं आहे, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? एचपीचे १०२० किंवा एम१००५ त्या मानाने सोपे. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन उतरवलं की चालतात.

पूर्वी मी भांडायचो, की दोष भाषा लपवणाऱ्याचा, लिनक्सचा नव्हे. आजही तेच खरं मानतो. पण ज्याच्या काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे, त्याला दोष कोणाचा याच्याशी काय घेणं? दोन्ही बाजू मला पटतात, आणि तिढा सुटत नाही.

टॅली रोज लागत असेल तर मात्र विंडोज ठेवा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनवर ती चालवणारे भेटतील. हिशेबाच्या मशीनवर तो प्रयोग नको.

बाकीच्यांनी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या, इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू करा, वायफाय जोडा, एक पान छापून बघा. आणि टाकायचं ठरलंच, तर फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर काढा. अख्खी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडलात, तर त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्हसुद्धा जातो.