तान झाली, खाँसाहेब कुठाय?

सदाशिव पेठेतल्या आमच्या मंडळात गणपतीचा पाचवा दिवस नाट्यसंगीताचा. बाकीचे दिवस देखावा, आरत्या, लहान मुलांच्या स्पर्धा. त्या संध्याकाळी मांडवात सतरंज्या, पेटी-तबला आणि पुढे खुर्च्या टाकून बसलेले पेठेतले आजोबा. दाद देताना हात आखडता, चुका काढताना सढळ.

नांदी, 'सौभद्र', 'मानापमान' सगळं रीतसर व्हायचं. लोक खोळंबलेले असत ते 'कट्यार काळजात घुसली'साठी, म्हणजे पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या चुरशीच्या संगीत नाटकासाठी. दरवर्षी कुणीतरी खाँसाहेब व्हायचाच. 'घेई छंद मकरंद' हे पद नाटकात दोन चालींत आहे, पंडितजींची वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. एकदा दोघा मावसभावांनी दोन्ही पाठोपाठ म्हटल्या आणि मांडवात दोन तट पडले. प्रसादाची खिरापत वाटून झाली तरी वाद चालूच.

गाणारा कुणीही असो, डोक्यात मूळ नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडेच असायचे. ताना उचलल्या जायच्या, भूमिका निसटायची. आमच्या पेटीवाल्या काकांनी मूळ प्रयोग पाहिलेले. तालमीत ते भाता दाबून धरत आणि विचारत, "तान झाली. खाँसाहेब कुठाय?" पोरं बिचारी आणखी एक तान घेत! 'सुरत पिया की'मध्ये वसंतराव एका रागातून दुसऱ्यात शिरत, तेव्हा तो मानी, हट्टी, आतून सलणारा गवई समोर उभा राही. माझ्या मते त्यांचा निम्मा अभिनय गळ्यातच होता.

हा गळा घडला तरी किती ठिकाणी! लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडे, पुण्यात सुरेशबाबू मान्यांकडे. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा ठसा होताच. तबलाही उत्तम. आणि असा माणूस वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होता. बदली होऊन पार नेफापर्यंत, म्हणजे आजच्या अरुणाचलात, जाऊन आला. १९६७ साली दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत आणि ही भूमिका जुळून आली, तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. ऑफिसातून थेट मांडवात येऊन शर्टावर उपरणं टाकणाऱ्या आमच्या गायकांना हा तपशील फार प्रिय.

१९८३ मध्ये वसंतराव गेले. पुढे २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे नव्या संचात खाँसाहेब म्हणून उभे राहिले, आणि ढोलपथकातली आमची पोरं पाचव्या दिवशी सतरंजीवर दिसू लागली. २०१५ च्या चित्रपटानं तर धमालच केली. पंडितजी झाले शंकर महादेवन, म्हणजे गवई नट झाला. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, पण त्यांच्या तोंडी गळा राहुल यांचा. आजोबांच्या रांगेला हे काही रुचलं नाही. खाँसाहेबाचा चेहरा आणि आवाज एकाच माणसाचा हवा, हा त्यांचा हेका. मलाही तो पटतो. 'मी वसंतराव' या चित्रपटात राहुल स्वतः वसंतरावांच्या भूमिकेत उतरले, गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तेव्हा कुठे पुढच्या खुर्च्या शांत झाल्या.

गेल्या वर्षी खाँसाहेबांची पदं अकरावीतल्या एका मुलीनं म्हटली. तालमीत काकांनी एकदाही भाता धरला नाही. पुढच्या खुर्च्यांवर मात्र नवाच वाद पेटलाय: आता हिला खाँसाहेब म्हणायचं की खाँसाहेबीण?