तुम्ही विचारलंत म्हणून: जाम झालेला मायक्रोस्कोप घरी सुटतो का?

माझा जुना पितळी मायक्रोस्कोप पाहिला की लोक हमखास विचारतात, हा घरी कसा दुरुस्त केलात, लेन्स कुठून आणल्या? अहो लेन्स त्याच आहेत, खरं तर मोडलेलं फार काही नव्हतंच, खालून स्लाइडवर उजेड पाडणारा आरसा फुटला होता आणि बाकी सगळं जुन्या ग्रीसनं धरून ठेवलं होतं.

भंगारात मिळाला तेव्हा फोकसचा मोठा नॉब जागचा हलत नव्हता. ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं सुकत जातं, मागे चिकट गाळ राहतो, त्यात आपली सोलापूरची धूळ बसते, आणि पितळातलं तांबं ग्रीसमधल्या आम्लांशी मिळून हिरवट मेणासारखा थर होतो तो थेट नॉबनं नळी वर-खाली करणाऱ्या दातेरी पट्टीच्या खाचांत. इथे पक्कड लावली की दाते गेलेच म्हणून समजा, आणि ती दातेरी पट्टी आता कुठे मिळायची? आधी ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची खालची लेन्स) आणि आयपीस (डोळा लावायची वरची लेन्स) काढून घरात ठेवायचे, मग फटीफटीतून रॉकेल सोडायचं, रात्र जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात ठेवायचा (मे महिन्यातलं आपलं ऊन इथे खरंच कामाला येतं) आणि कोमट असतानाच नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे. नाही हलला तर परत रॉकेल. माझा आधी नुसता कुरकुरला, मग सुटला. नंतर टूथपिक आणि जुन्या टूथब्रशनं दाते साफ केले. नवीन ग्रीस जरा घट्टच घ्या, पातळ मशीन ऑइल घातलं तर नळी स्वतःच्या वजनानं खाली घसरते आणि ऑब्जेक्टिव्ह स्लाइडवर टेकतं.

पितळ घासून चमकवू नका प्लीज. वरचा सोनेरी लॅकर एकदा गेला की गेला.

लेन्सच्या बाबतीत मी फार हळवा आहे. जुन्या ऑब्जेक्टिव्हमधल्या काचा कॅनडा बाल्सम नावाच्या राळेनं चिकटवलेल्या असतात, अल्कोहोल किंवा झायलीन नावाच्या द्रावकात बुडवलं तर ती सुटते. माझ्या १०० एक्सच्या (शंभरपट मोठं दाखवणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हच्या तोंडावर सीडारचं तेल (ते आणि स्लाइड यांच्यामध्ये थेंबभर घालतात ते) सुकून पिवळं पडलं होतं, लेन्स पेपरच्या टोकाला झायलीनचा ओलावा देऊन ते हलकेच टिपत टिपत काढलं, घासायचं अजिबात नाही.

आणि एखादं ऑब्जेक्टिव्ह खरंच गेलं असेल तरी निराश होऊ नका, त्याचा आटा (फिरवून बसवायचा स्क्रूसारखा भाग) १८५८ मध्ये लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीनं ठरवून दिला आणि तो आजही चालतो, त्यामुळे अंबाल्याला बनलेलं नवं ऑब्जेक्टिव्हही बहुतेक वेळा बसतं, फक्त त्यावर १६० लिहिलंय ना ते बघा, म्हणजे १६० मिलिमीटर नळीसाठीचं. अनंताची खूण (∞) असेल तर ते या नळीला चालायचं नाही. आरसा काचवाल्याकडून गोल कापून घेतला. खाली कंडेन्सर (उजेड स्लाइडवर एकवटणारी लेन्स) असेल तर सपाट आरसाच लागतो, अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसताना.

तयार झाल्यावर पहिली स्लाइड कशाची करायची हेही विचारतात. सोलापुरात राहून हा काय प्रश्न झाला! सुती चादरीचा एक धागा विसकटून पाण्याच्या थेंबात ठेवा, कापसाचा तंतू चपट्या फितीला पीळ दिल्यासारखा दिसतो आणि शेजारी पॉलिएस्टरचा ठेवलात तर तो सळईसारखा सरळ गुळगुळीत. ४० एक्सला हे पीळ कडेपर्यंत स्वच्छ दिसले की समजा लेन्स ठीक आहेत, धुरकट दिसले तर आधी आयपीस पुसून बघा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो.