गिलेस्पी, किड अँड कोईया यांच्या मागावर : ग्लासगोतले चार दिवस

लेकीकडे तीन आठवडे ग्लासगोला जायचे ठरले, तेव्हा किल्ले, तळी, हायलँड्स अशी भलीमोठी यादी तिने करून ठेवली होती. त्यातले चार दिवस मी मागून घेतले. माझी तीस वर्षे नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. पाटीवर नाव एकाचे आणि बोर्डावर वाकून रेघा मारणारा दुसरा, हे रोज पाहिलेले. त्यामुळे 'गिलेस्पी, किड अँड कोईया' या ग्लासगोच्या छोट्या फर्मबद्दल पूर्वीपासून कुतूहल होते. गिलेस्पी १९२६ साली वारले, किड १९२८ साली. फर्म जगभर गाजली ती १९५६ नंतरच्या कामांमुळे.

पहिला दिवस शहराच्या मध्यभागातच घालवा. सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवर १४२ नंबरला 'हॅटरॅक' आहे. माथ्यावरची टोके टोप्या अडकवायच्या स्टँडसारखी दिसतात म्हणून लोकांनीच हे नाव ठेवले. रुंदी जेमतेम ३० फूट, उंची दहा मजले, आणि दर्शनी बाजूला दगडापेक्षा काचच जास्त. हे काम १८९९ ते १९०२ मधले. फर्म तेव्हा सामन कुटुंबाची होती. आजोबा जेम्स सामन यांनी ती एकोणिसाव्या शतकात उभी केली. नातू जेम्स सामन आणि जॉन गॅफ गिलेस्पी यांच्या जोडीने हॅटरॅक बांधली. सामन म्हणजे मासा आणि नातू चणीने बारीक, म्हणून त्याला सगळे 'छोटा ट्राउट' म्हणत. रावसांच्या घरातल्या पोराला आपण मांदेली म्हणावे तसे.

तिथून चालत होप स्ट्रीटला या. लायन चेंबर्स, १९०४ ते १९०७. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच उभा राहिलो, तेही समोरच्या फुटपाथवर, पावसात. आपल्याकडे साडेचार इंची भिंत म्हणजे बाथरूमचे पार्टिशन. इथे चार इंची काँक्रीटच्या भिंती घेऊन या मंडळींनी आठ मजले चढवले. फ्रेंच एनेबिक पद्धतीचे आर.सी.सी., ब्रिटनमध्ये त्या काळी नवलाईचे. वर चित्रकारांसाठी स्टुडिओ, खाली वकिलांची ऑफिसे. पण एवढ्या पातळ काँक्रीटमध्ये सळईला कव्हर, म्हणजे वरून झाकणारा काँक्रीटचा थर, मिळणार किती? पाणी आत शिरले, लोखंड गंजले, आणि १९९० च्या दशकापासून इमारत रिकामी आहे. बाहेरून जाळी लावलेली असते, त्यामुळे फोटो चांगला येत नाही. बाथ लेनच्या कोपऱ्यावर उभे राहिलात तर निदान बाजूचा आकार कळतो. न्यायाधीशांचे कोरलेले मुखवटे शोधायला छोटी दुर्बीण न्या.

दुसरा दिवस डेनिस्टनचा. क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून लोकल पकडायची, काही मिनिटांत बेलग्रोव्ह येते. हे उपनगर १८५० च्या दशकात आखले ते याच फर्मच्या आजोबा सामन यांनी. बंगल्यांची ऐसपैस आखणी होती, पण पुरी झाली नाही आणि पुढे तिथे दगडी चाळवजा टेनेमेंट उभी राहिली. त्याच वस्तीत त्याच फर्मची दोन चर्चेस आहेत, एक १९३३ चे आणि एक १९६० च्या दशकाच्या मध्याचे. तीन वेगवेगळ्या पिढ्या, तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसे, आणि सगळे अर्ध्या तासाच्या चालीत. एवढ्यासाठीसुद्धा डेनिस्टनला जावे.

व्हाइटव्हेल स्ट्रीटवरचे सेंट अ‍ॅन्स हे जॅक कोईया यांचे पहिले चर्च. कोईया इटालियन आईबापांचा मुलगा, १८९८ चा जन्म. १९१५ मध्ये गिलेस्पींकडे उमेदवारीला लागला, पुढे बाहेर गेला आणि १९२७ मध्ये परत आला. येतो तो गिलेस्पी वारलेले. वर्षभरात किडही गेले आणि तिशीतल्या कोईयाच्या हाती नुसती फर्म आणि तिचे नाव राहिले. (१९२६ मध्येच आपल्या गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट मुंबईत वारले. तेही स्कॉटिश, ब्लेअर अ‍ॅथॉलचे. शिवडीला पुरले आहे त्यांना.) मंदीचे दिवस, काम नाही. कोईया सरळ आर्चबिशपकडे काम मागायला गेले असे सांगतात. मिळाले ते हे चर्च. दगडी शहरात लाल विटा, आणि त्यात इटलीची सरळसरळ आठवण.

तिथून चढ चढून क्रेगपार्कवर गेलात की 'अवर लेडी ऑफ गुड काउन्सेल' दिसते. एका टोकाकडून दुसरीकडे झपकन उतरत आलेले छप्पर, आत वर लाकूड. सेंट अ‍ॅन्स पाहून लगेच इथे आलात तर हे एकाच ऑफिसातून निघाले आहे यावर विश्वास बसत नाही. आणि एका हातचे ते नाहीच. हे दुसरे कोईयांच्या ऑफिसातल्या दोघांचे.

इझी मेट्झस्टाइन १९२८ साली बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. १९३९ मध्ये, महायुद्ध पेटण्याआधी, मुलांना घेऊन येणाऱ्या गाड्यांमधून तो ब्रिटनला आला. १९४५ मध्ये कोईयांकडे उमेदवार म्हणून लागला. अँडी मॅकमिलन त्याच वयाचा, ग्लासगोचाच, तो १९५४ मध्ये आला. पुढची तीसेक वर्षे या दोघांनी मिळून कॅथलिक पंथासाठी अशी चर्चेस बांधली की देशोदेशीचे विद्यार्थी ती पाहायला येतात. पाटीवर दोघांचेही नाव चढले नाही. १९६९ चे रॉयल गोल्ड मेडल, म्हणजे ब्रिटनमधला आर्किटेक्टांचा मोठा सन्मान, कोईयांना मिळाले. मी काही कोईयांना दोष देणार नाही. कामे आणणे, पाद्र्यांना पटवणे आणि विशीतल्या पोरांच्या हाती इमारत सोपवणे हेही सोपे नसते. मी ज्यांच्या हाताखाली राबलो त्यांनी ते कधी केले नाही. पण मेडलच्या बातमीतले नाव आणि नकाशावरचा हात यांतले अंतर माझ्या चांगले ओळखीचे आहे, एवढेच.

ही चर्चेस म्युझियम नव्हेत. तिकीट नाही, ठरलेल्या वेळा नाहीत, आणि एरवी दाराला कुलूप असते. मी पहिल्यांदा दुपारी दोनला गेलो आणि दार ढकलून परत आलो. प्रार्थनेच्या वेळा पॅरिशच्या सूचनाफलकावर असतात, त्या पाहून जा. प्रार्थना संपेपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसा आणि मग विचारा. मला चाव्यांचा जुडगा घेतलेल्या एका आजोबांनी वरच्या गॅलरीपर्यंत नेले. प्रार्थना चालू असताना फोन खिशातच ठेवा, हे सांगायला नकोच.

तिसऱ्या दिवशी ग्लासगो सेंट्रलहून ईस्ट किलब्राइड. याच फर्मचे सेंट ब्राइड्स चर्च तिथे आहे, स्टेशनपासून चालत जाता येते. बाहेरून भला थोरला विटांचा किल्ला, रस्त्याकडे खिडकी म्हणून नाही. दार शोधत मी आधी पुढे निघून गेलो. भिंतच एका ठिकाणी आत वळते आणि त्या फटीतून प्रवेश आहे. आत उजेड वरून झिरपतो. घंटेचा उंच मनोरा होता, तो १९८३ मध्ये पाडला. जुन्या फोटोत तो पाहून जा, नाहीतर इमारत एका अंगाने अपुरी का वाटते ते कळणार नाही.

चौथा दिवस कार्ड्रॉसचा, आणि यासाठी बूट चांगले हवेत. बेलग्रोव्हच्याच मार्गावरची गाडी उलट दिशेला, हेलेन्सबर्गकडची पकडा. स्कॉटलंडच्या लोकलला सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचे वेगळे भाडे उरलेले नाही, त्यामुळे सकाळीच निघायला हरकत नाही. स्टेशनवरून किलमाहू इस्टेटच्या रानातून चढत जायचे. चिखल बारा महिने असावा असा माझा अंदाज. वर सेंट पीटर्स सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवायचे वसतिगृह आणि विद्यालय. चंदीगड पाहिलेल्याला ते शहर आखणाऱ्या कॉर्बुझिएची छाप इथे लगेच ओळखू येते. वरच्या मजल्यांवर शंभरेक मुलांच्या खोल्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या, खाली जेवणघर आणि प्रार्थनागृह.

१९६६ मध्ये ही इमारत सुरू झाली आणि १९८० मध्ये बंद पडली. चौदा वर्षांत ती एकदाही भरली नाही. बांधकाम चालू असतानाच रोममध्ये कॅथलिक धर्मगुरूंची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. पाद्री रानात कोंडून नव्हे, लोकांमध्ये राहून घडावेत असे वारे वाहू लागले, आणि पाद्री व्हायला येणारी मुलेही रोडावली. म्हणजे ज्या गरजेसाठी नकाशा काढला ती गरजच रंग देईपर्यंत उरली नाही. पुढे काही वर्षे व्यसनमुक्ती केंद्र, मग काहीच नाही. १९९२ मध्ये 'ए' वर्गाची संरक्षित वास्तू ठरली, पण संरक्षण कागदावर. १९९५ मध्ये शेजारचा जुना वाडा जळाला. २०२० पासून जागा एका ट्रस्टकडे आहे.

आत जाता येत नाही. कुंपण आहे, पाट्या आहेत. तरुण मुले उडी मारून जातात. तुम्ही जाऊ नका, सुटलेले काँक्रीट कुणाचे वय पाहून पडत नाही. पानगळीनंतर आलात तर झाडांमधून सांगाडा पुष्कळ दिसतो. मी सप्टेंबरात गेल्यामुळे निम्मा हिरव्यातच राहिला. दशम्या बांधून नेल्या होत्या त्या तिथेच ओल्या दगडावर बसून खाल्ल्या. रानात चहाची टपरी नाही, तेव्हा थर्मास घ्या.

मूळ नकाशे पाहायचे असतील तर फर्मचे दप्तर ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या संग्रहात आहे. तिथे आधी लिहून वेळ घ्यावी लागते. मी निघायच्या आदल्या आठवड्यात लिहिले, म्हणजे उशीरच केला. किलसिथचे याच फर्मचे सेंट पॅट्रिक्स चर्चही राहिले. तिथे रेल्वे नाही, ब्यूकॅनन बस स्टेशनवरून बस आहे. रविवारी सकाळी जा, म्हणजे दार उघडे सापडेल.