उतारावरच्या बागेतील तांबडी वाइन: तिसऱ्या हंगामाचे मिश्रण

मागच्या नोंदीत तिन्ही द्राक्षवाणांचे किण्वन पूर्ण होऊन वाइन वेगवेगळ्या बुधल्यांत निवळत असल्याचे लिहिले होते. या आठवड्यात अखेर मिश्रण केले. ग्रेनाश ११० लिटर, सिराह ६० लिटर आणि कॅरिन्याँ ४५ लिटर एवढा माल हाती होता. हजारएक चौरस मीटरच्या उतारावरून, तेही निम्म्याहून अधिक वेली जुन्या असताना, याहून जास्त मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

कॅरिन्याँच्या वेली आजोबांच्या हातच्या आहेत आणि सर्वांत वरच्या टप्प्यावर, जिथे दगडच अधिक आणि माती वीतभर, तिथे उभ्या आहेत. बाग कित्येक वर्षे पडीक होती. पहिल्या वर्षी खोडे खाली कापून नवी फूट घेताना मी दोन वेलींवर कलमाच्या जोडाच्याही खाली करवत चालवली आणि वर आली ती खुंटाची फूट. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून वेली अमेरिकी खुंटावर बांधण्याची रीत पडली; खुंटाची पाने हिरवीगार दिसतात, पण वाइनला त्यांचा उपयोग नाही. जुनी बाग पुन्हा उभी करणाऱ्यांनी करवत हातात घेण्यापूर्वी बुंध्याजवळची माती बाजूला करून जोडाची गाठ शोधावी, एवढेच सांगतो.

ग्रेनाश आणि सिराह खालच्या दोन टप्प्यांवर आहेत, माती खोल आहे आणि फळ लवकर पिकते. ग्रेनाश २५ ब्रिक्सला (रसातील साखरेचे माप) उतरले, पण त्याचा सामू (pH; जितका कमी, तितकी वाइन आंबट) ३.८२ भरला. सिराह ३.७० वर थांबले. कॅरिन्याँ मात्र उशिरा पिकणारे आणि आम्ल धरून ठेवणारे वाण असल्यामुळे मॅलोलॅक्टिक किण्वन (जिवाणू तीव्र आम्लाचे सौम्य आम्ल करतात तो टप्पा) संपल्यानंतरही ३.३८ वरच राहिले. सामूचे हे सर्व आकडे किण्वनोत्तर आहेत. नुसते चाखले तर कॅरिन्याँ दात आंबवते आणि जिभेवर साल घासल्यासारखे तुरट लागते, म्हणून पहिल्या वर्षी मी ते मिश्रणातून जवळजवळ वगळले होते. ती माझी सर्वांत मोठी चूक होती, हे यंदा आकडेमोड करताना कळले.

कारण असे की सेंद्रिय वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड वापरताना हात आखडता ठेवावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१२ पासूनच्या नियमांनुसार कोरड्या तांबड्या सेंद्रिय वाइनसाठी एकूण मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे, तर साध्या वाइनसाठी १५०. मला विक्री करायची नाही, तरीही हाच आकडा मी स्वतःला घालून घेतला आहे. मात्र घातलेल्या सल्फरपैकी प्रत्यक्ष राखण करतो तो रेण्वीय स्वरूपातला लहानसा अंश, आणि तो किती असेल हे सामू ठरवतो. तांबड्या वाइनला तो लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम असावा असे धरले, तर ३.८ सामूला सुमारे ५० मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे वाइनमधील इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर लागतो, ३.६४ ला ३४ पुरतो. म्हणजे वरच्या टप्प्यावरचे ते आंबट पीपच बाकीच्या वाइनचे रक्षण करते.

त्यामुळे १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात चाचण्या घेताना या वेळी जिभेबरोबर सामूमापकही जवळ ठेवला. सामूचा हिशेब सरासरी काढून जमत नाही. दर वेळी मिसळून मोजावेच लागते. ग्रेनाश ५०, सिराह ३५, कॅरिन्याँ १५ हे प्रमाण चवीला सर्वांत मऊ होते, पण सामू ३.७० च्या आसपास राहिला. कॅरिन्याँ ३० टक्के केल्यावर तुरटपणा पुढे आला आणि ग्रेनाशचा फळाचा सुवास मागे गेला. शेवटी ५०, २५, २५ वर थांबलो: ग्रेनाश ९०, सिराह ४५ आणि कॅरिन्याँ सगळेच्या सगळे ४५ लिटर. सामू ३.६४. सुमारे ३.६५ च्या खाली असलेल्या वाइनमधून थंडीत टार्टारचे स्फटिक खाली बसले, की सामू आणखी उतरतो आणि त्याच्या वर असेल तर उलट चढतो, म्हणून या उंबरठ्याच्या खालच्या बाजूला राहणे मला महत्त्वाचे वाटले. अंतर अगदीच थोडे आहे, हे मान्य.

सिराहबद्दल थोडे. त्याला किण्वनात सडक्या अंड्यासारखा वास आला होता. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधकाची शेवटची धुरळणी मी काढणीच्या फार जवळ केली होती, आणि घडांवर उरलेल्या गंधकापासून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करते. नितळताना वाइन मुद्दाम उंचावरून पाडून हवा लागू दिली, तेव्हा वास गेला. पुढच्या हंगामात काढणीपूर्वीचा पूर्ण महिना गंधक बंद. केवडा या दुसऱ्या रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) चालूच राहील, पण मोजून: युरोपातील मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे, म्हणजे माझ्या जागेला वर्षाला सरासरी ४०० ग्रॅम. मोरचुदात तांबे चौथा हिस्साच असल्याने १.६ किलो मोरचूद, एवढीच वर्षाची शिदोरी. यंदा १.१ किलोत भागले. वरच्या टप्प्यावर वारा खेळता असल्यामुळे तिथे एक फवारणी कमी लागली.

मिसळण्यापूर्वी मुक्त सल्फर १५ मिलिग्रॅम होता. लिटरमागे आणखी २५ मिलिग्रॅम मिळावा म्हणून १८० लिटरला ८ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातले. त्याच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड मिळतो, हे विसरून अर्धाच डोस पडल्याचा अनुभव आधी घेतला आहे. काही भाग बांधला जाईल, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा मोजणार आणि ३४ च्या खाली आढळला, तरच भर घालणार. उरलेले ग्रेनाश २० लिटर आणि सिराह १५ लिटर वेगळ्या बुधल्यांत काठोकाठ भरून ठेवले आहेत. ग्रेनाशला हवा फार लवकर बाधते, तेव्हा तळाचा साका काढल्यामुळे पातळी उतरली, की त्याचा बुधला भरून काढण्यासाठी सिराहच वापरीन.